वाडीतली माणसं आणि त्यांचं पोट : छोट्या आदिवासी वस्तीची नोंद आपली आपण कशी करायची

सातारा जिल्ह्यात आदिवासी आहेत का असं कुणाला विचारलं तर निम्मे लोक नाही म्हणतील, कारण २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाख ३ हजार ७४१ आणि त्यात अनुसूचित जमाती जेमतेम एक टक्का, सांगलीत २८ लाख २२ हजार १४३ माणसं आणि तिथं तर एक टक्काही भरत नाही. राज्याचा आकडा नऊ टक्क्यांच्या वर आहे. त्यात आपले दोन्ही जिल्हे अनुसूचित क्षेत्रात येत नाहीत, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा इथं लागू नाही, त्यामुळं वाई, जावळी, महाबळेश्वर या पट्ट्यात धरणाच्या काठाला, ओढ्याच्या कडेला, गायरानात जी कातकऱ्यांची पंधरा-वीस किंवा चाळीस घरं असतात ती सरकारी कागदात कुठंतरी मोठ्या गावाच्या पोटात जाऊन बसतात. आणि जे मोजलं जात नाही त्याच्यासाठी काही मागता पण येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

म्हणून हे लिहितोय. वाडीतली शिकलेली पोरं, अंगणवाडी ताई, शाळेचे गुरुजी, ग्रामपंचायत सदस्य, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी येणारी मुलं, यातलं कुणीही हे काम करू शकतं. वही, पेन, थोडा धीर आणि लोकांच्या दारात बसायची तयारी एवढं पुरे.

आधी कागद काय म्हणतो ते बघा

इंटरनेटवर गावाचं नाव टाकलं की एक पान येतं, लोकसंख्या एवढी, पुरुष एवढे, बायका एवढ्या, साक्षरता एवढी, कामगार एवढे. ते सगळं २०११ च्या प्राथमिक जनगणना गोषवाऱ्यातनं उचललेलं असतं. ते वाईट नाही, सुरुवात तिथनंच करायची. प्रत्येक महसुली गावाला सहा आकडी कोड आहे, तो शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण एकाच नावाची गावं एकाच जिल्ह्यात दोन-दोन असतात आणि लोक दुसऱ्याच गावाचे आकडे घेऊन बसतात. जिल्ह्याची जनगणना हस्तपुस्तिका पण मिळते, तिच्यात एका भागात गावातल्या सोयी, म्हणजे शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता, आणि दुसऱ्या भागात माणसांचे आकडे.

पण हे कायम ध्यानात ठेवायचं की जनगणनेचं गाव म्हणजे महसुली गाव. वाडी नाही, पाडा नाही, वस्ती नाही. समजा गावची लोकसंख्या १४०० आणि अनुसूचित जमाती १५० दाखवली असेल तर ती १५० माणसं म्हणजेच तुमची वाडी असं धरून चालू नका, त्यात गावात राहणारं एखादं महादेव कोळ्याचं घर असेल, शेताच्या बांधावर राहणारी पारध्यांची दोन घरं असतील. आणि उलटं पण असतं, वाडीतल्या काही जणांची जात लिहून घेणाऱ्यानं विचारलीच नाही किंवा चुकीच्या रकान्यात टाकली. आपल्याकडं बरेच लोक गवळी धनगर, वडार, गोपाळ, नंदीवाले यांना पण सरसकट आदिवासी म्हणतात, पण सरकारी यादीत ते भटक्या-विमुक्तांत येतात, अनुसूचित जमातीत नाही. तुमच्या वहीत जे खरं आहे ते लिहा, लोक स्वतःला काय म्हणतात ते एका रकान्यात आणि दाखल्यावर काय आहे ते दुसऱ्या.

मग ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ बघायचा, म्हणजे घरपट्टीची नोंदवही. इथं बऱ्याचदा धक्का बसतो. वाडीत चाळीस घरं उभी दिसतात आणि नमुना ८ ला बारा-पंधराचीच नावं. कारण घर गायरानात आहे, वन खात्याच्या जागेत आहे, पाटबंधारे खात्याच्या संपादित जमिनीत आहे किंवा कुणा मालकाच्या रानात आहे आणि मालक नोंद लावू देत नाही. नोंद नाही म्हणून घरकुल नाही, लाईटचं कनेक्शन नाही. हा फरक, उभी घरं किती आणि नोंदलेली किती, एवढा एकच आकडा काढलात तरी अर्धं काम झालं असं समजा.

अंगणवाडीचं कुटुंब सर्वेक्षणाचं रजिस्टर, आशाताईंची वही, शाळेचा पट, रेशन दुकानदाराची यादी आणि मतदारयादी, हे पाच कागद पण बघून घ्या. ते एकमेकांशी जुळत नाहीत. जुळवायच्या भानगडीत पडू नका, प्रत्येकात वाडीची किती नावं आहेत एवढं टिपून ठेवा.

कधी मोजायचं

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि यातच सगळे फसतात.

२०११ ची माणसं मोजायचं काम झालं ९ ते २८ फेब्रुवारीत, आणि आकडे धरले १ मार्चच्या सुरुवातीच्या क्षणाचे. आता फेब्रुवारीत कातकरी वाडीत कोण असतं ते तिथं जाऊन बघा. दिवाळी झाली की मुकादम येतो, टेम्पो भरतो आणि नवरा, बायको, पोरं, कोंबड्या, भांडी असं सगळं बिऱ्हाड वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जातं, ते येतं पावसाच्या तोंडावर. वाडीत राहतात म्हातारी माणसं, एखादी बाळंतीण, आणि ज्यांना धरणात मासेमारी जमते ती काही घरं. जनगणनेचा नियम असा होता की त्या वीस दिवसांत जो माणूस एकदाही घरी नव्हता तो घरच्या यादीत धरायचा नाही, जिथं सापडेल तिथं मोजायचा. म्हणजे भट्टीवरचं कुटुंब भट्टीच्या गावात मोजलं गेलं असेल किंवा कुठंच नसेल, पण वाडीच्या आकड्यात तर नक्की नाही.

आणि याचा पत्ता आकड्यांवरनं लागत पण नाही. आपल्या जावळी-पाटणकडची मराठा घरातली माणसं मुंबईला माथाडीत गेली तेव्हा गावात बायका जास्त आणि पुरुष कमी असं दिसायला लागलं, २०११ ला सुद्धा सातारा जिल्ह्यात हजार पुरुषांमागं ९८८ बायका होत्या आणि राज्यात ९२९, त्यामुळं अभ्यास करणाऱ्याला लगेच समजतं की पुरुष बाहेर आहेत. कातकरी जोडीनं जातात, पोरांसकट जातात. त्यामुळं स्त्री-पुरुष प्रमाण जसंच्या तसं राहतं आणि वाडी नुसती छोटी दिसते.

म्हणून आपण मोजायचं ते पावसाळ्यात. बेंदूर ते गणपती हा काळ सगळ्यात चांगला, भाताची लावणी उरकलेली असते, माणसं घरी असतात, संध्याकाळी बोलायला वेळ असतो. आणि मग एकदा पुन्हा माघात नाहीतर शिमग्याच्या आधी जाऊन नुसतं बघायचं की कुठली घरं बंद आहेत. दोन्ही वेळचे आकडे शेजारी शेजारी लिहिले की वाडीचं खरं चित्र दिसतं.

पहिल्या दिवशी वही काढू नका

पहिल्या दिवशी जाऊन बसायचं, चहा घ्यायचा, कशासाठी करतोय ते सांगायचं. ज्येष्ठ माणूस कोण ते विचारून आधी त्यांच्याशी बोलायचं, आबा, मामा, मावशी, जसं तुमच्या तोंडी असेल तसं, पण अरे-तुरे नाही. वाडीत गेलं की म्हाताऱ्या माणसाला पण एकेरीत हाक मारायची सवय आपल्या गावांतल्या लोकांना आहे, ती चांगली नाही आणि तिच्यानं माणूस तोंड पण उघडत नाही.

वही बघून लोक घाबरतात त्याला कारणं आहेत. इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पारध्यांसारख्या कितीतरी जमातींवर जन्मानं चोर असा शिक्का मारला, हजेरी लावली, तो कायदा रद्द झाला १९५२ ला. पण अजूनही कुठं चोरी झाली की पोलीस आधी त्यांच्याच पालावर येतात, आणि कातकऱ्यांना वन खात्याचा गार्ड पण वही घेऊनच भेटलेला असतो. त्यामुळं सांगायचं की आधारचा फोटो घेणार नाही, अंगठा घेणार नाही, आणि ही वही तुमच्यासमोर वाचून दाखवल्याशिवाय कुठं जाणार नाही. आणि ते पाळायचं. योजना मिळवून देतो असं चुकूनसुद्धा बोलू नका, लोकांनी ते पुष्कळ ऐकलंय.

मग नकाशा. वाडीतल्या पोरांना बोलवा आणि जमिनीवर काठीनं रेघा ओढायला लावा, ओढा कुठं, हातपंप कुठं, रस्ता कुठं, घरं कुठं, देव कुठं, मयताची जागा कुठं, मासे धरायचे डोह कुठले, जळण कुठनं आणता. पोरं भराभरा काढतात आणि म्हातारी माणसं येऊन दुरुस्त करतात. मग तो कागदावर उतरवायचा आणि घरांना नंबर द्यायचे. मयताची जागा आणि पाण्याची वाट आवर्जून विचारा, हे दोन प्रश्न बहुतेक ठिकाणी भांडणाचे असतात आणि ते कुठल्याच सरकारी फॉर्ममध्ये नसतात.

घरटी यादी

एका घराला एक पान. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, एका छपराखाली दोन चुली असतील तर दोन कुटुंबं लिहा. प्रत्येक माणसाचं नाव, घरात नातं काय, वय, शिक्षण, जन्मदाखला, जातीचा दाखला, आधार, रेशनकार्डावर नाव आहे का, आणि गेल्या वर्षी किती महिने वाडीत होता. हा शेवटचा रकाना विसरू नका.

वयाला वेळ लागतो. आधारवर निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जानेवारी असते, कारण लिहिणाऱ्यानं अंदाजानं टाकलेली. म्हाताऱ्या माणसांना विचारायचं कोयनेचा भूकंप आठवतो का, तो झाला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, तेव्हा चालत होता का कडेवर होता. ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेला होता का आईच्या पोटात होता. मधल्या लोकांना १९९३ चा किल्लारीचा भूकंप आणि २००५ चा महापूर, लहान पोरांच्या आयांना २०१९ चा सांगलीचा पूर आणि २०२१ च्या जुलैत पाटणला दरडी कोसळल्या ते. लग्न कधी झालं, पहिलं पोर कधी, धरणाचं पाणी चढलं तेव्हा कुठं राहत होता, असं करत करत वय दोन-तीन वर्षांच्या आत बसवता येतं.

नवरा बाहेर बसून सगळी उत्तरं देत असेल तर देऊ द्या, पण नंतर घरातल्या बाईंशी वेगळं बोला, शक्यतो ताईंपैकी कुणीतरी बोलावं. मेलेली पोरं, घर सोडून गेलेली मुलगी, पहिली बायको, ही माहिती तिथंच मिळते. ती नावानिशी सगळ्यांसमोर वाचायची नाही, हे सांगायला नको.

जातीच्या दाखल्याचं वेगळं सांगतो. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा रहिवास किंवा पुरावा मागतात, आणि ज्यांच्या आजोबानं शाळेचं तोंड पाहिलं नाही त्यांच्याकडं तो कुठनं येणार. म्हणून घरटी लिहिताना आजा-पणजा कुठल्या गावचा, कुणाच्या शेतावर होता, कुठल्या नातेवाइकाकडं दाखला आहे, हे पण लिहून घ्या. एकाच भावकीत एकाला दाखला मिळालेला असतो आणि बाकी दहा जणांना माहीतच नसतं की त्याच्यावरनं आपलं पण होऊ शकतं.

पोटाचं कसं विचारायचं

आता खरा विषय. जनगणनेत कामाचे रकाने चार, शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य कामगार, कमी केलं तर सीमांतिक. वाडीतला मासेमारी करणारा, मध काढणारा, भट्टीवर जाणारा हे सगळे जातात 'इतर' मध्ये, आणि गावातला मास्तर, दुकानदार, तलाठी पण त्याच 'इतर' मध्ये. त्यामुळं त्या रकान्यावरनं वाडीचा काहीच अंदाज येत नाही. आणि घरच्या खाण्यापुरतं जे गोळा करून आणतात, जळण, कंद, भाजी, खेकडी, ते बायका-पोरांचं काम बहुतेकदा कामच नाही म्हणून सुटतं.

'तुमचा धंदा काय' हा प्रश्न विचारूच नका. उत्तर येतं 'मजुरी' आणि गप्प. त्याऐवजी वर्ष विचारा. आणि वर्ष पण जानेवारी-फेब्रुवारी असं नको, सणावारानं. पहिला पाऊस पडला तेव्हा काय करत होता, बेंदराला, गणपतीत, दसऱ्याला, दिवाळी झाल्यावर, संक्रांतीला, शिमग्याला, अक्षय तृतीयेला. प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न, कुठं होता, काय करत होता, घरात काय खाल्लं. तिसरा प्रश्न फार कामाचा आहे, त्याच्यातनं कामाची खरी लाईन लागते.

असं विचारलं की जे निघतं ते साधारण असं असतं. मिरगाच्या पावसात चढणीचे मासे आणि खेकडी, हे खायला पण आणि विकायला पण. मग भाताची लावणी, रोजंदारीवर, आठ-पंधरा दिवस पैसा बरा. श्रावण-भाद्रपदात कामं तुटतात, रानभाज्या आणि कंद यांच्यावर आणि रेशनवर दिवस निघतात, वर्षातली सगळ्यात ओढाताण इथं असते आणि म्हणून मुकादमाची उचल, म्हणजे भट्टीच्या कामावरची आगाऊ रक्कम, पण इथंच घेतली जाते. पाऊस उघडला की भातकापणी, आणि महाबळेश्वर-भिलारकडं स्ट्रॉबेरीची लागण, पुढं उन्हाळ्यापर्यंत तोडणी. दिवाळीनंतर भट्टी. जी घरं मागं राहतात त्यांना वाईच्या बाजूला हळद काढणीचं काम मिळतं, धरणाच्या पाण्यात जाळी टाकता येते. चैत्र-वैशाखात मध, करवंदं, जांभळं, हिरडा, शिकेकाई, पाटीत घेऊन बाजाराला. सांगलीकडं हे चित्र वेगळं असतं, तिथल्या पारध्यांच्या वस्तीत तासगाव-पलूसच्या द्राक्षबागांची कामं, शेळ्या, रानराखणी, असं निघेल. तुमच्या वाडीत जे निघेल ते लिहा, माझी यादी समोर ठेवून टिकमार्क करत बसू नका.

मधाचं मी मुद्दाम लिहितो कारण महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ ला देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. वाडीत किती जणांना पोळं न जाळता मध काढता येतो, तो कुणाला आणि काय भावानं विकतात, आणि बाजारात त्याच मधाचा भाव काय आहे, हे तीन आकडे शेजारी लिहा. हेच माशाचं पण करा. विकणाऱ्याच्या हातात किती पडतं ते समजल्याशिवाय पोटापाण्याची नोंद पुरी होत नाही.

उचलीचं जपून विचारायचं, पण विचारायचंच. किती उचल घेतली, कुणाकडनं, हंगामात किती फिटली, बाकी पुढच्या वर्षी ओढली का, मधेच काम सोडून येता येतं का, आजारी पडला तर काय होतं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता असा हिशेब असतो तसाच भट्टीवर पण हिशेब जोडीचा, बाईच्या हातात वेगळी मजुरी पडत नाही, म्हणून वहीत दोघांचं काम वेगवेगळं लिहा. आणि कुणी म्हणालं की बाकीपोटी माणूस अडकवून ठेवलाय, पोरगं ठेवून घेतलंय, तर ते फक्त वहीत लिहून गप्प बसायचं नाही. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे, त्यात कारवाईची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकलीय, प्रांत पातळीवर पण दक्षता समिती असते, सुटका झाली की मुक्तीचा दाखला मिळायला पाहिजे आणि त्या दाखल्यावर पुनर्वसन अवलंबून असतं. पण त्या कुटुंबाला विचारल्याशिवाय अर्ज करू नका, कारण भट्टीवर त्यांची माणसं असतात.

रानातल्या शिकारीबद्दल कुणी बोललं तर नावानिशी लिहू नका. वन्यजीव कायद्यात तो गुन्हा आहे आणि तुमची वही त्यांच्याच विरुद्ध वापरली जाईल. कोयना-चांदोलीचा पट्टा तर २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथं मासे आणि वनोपजावर पण बंधनं आहेत, तेव्हा तिकडं दुप्पट काळजी.

पण बाकी रानाचं सगळं लिहा. कुठल्या डोंगरातनं काय आणता, कुठल्या डोहात मासे धरता, किती पिढ्या. २००६ चा वनहक्क कायदा आपल्या जिल्ह्यांत पण लागू आहे, अनुसूचित क्षेत्र नसलं तरी. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेली वनजमीन, जास्तीत जास्त चार हेक्टर, तिच्यावर दावा करता येतो, आणि सामूहिक हक्कात गौण वनोपज आणि पाण्यातले मासे पण आहेत. तुमचा पोरांनी काढलेला नकाशा आणि म्हाताऱ्यांचं सांगणं हे त्या दाव्यात पुरावा म्हणून जोडता येतं. म्हणून सांगणाऱ्याचं नाव, वय, तारीख लिहून त्यांच्या संमतीनं सही-अंगठा तेवढ्यापुरता वेगळ्या कागदावर घ्या.

रेशनला अंत्योदयचं कार्ड असेल तर महिन्याला कुटुंबाला ३५ किलो धान्य, पण भट्टीवर असताना ते उचललं का, तिथल्या दुकानात मिळालं का, का इथं दुसऱ्यानंच उचललं, हे महिनावार विचारा. पोरांचं तसंच. पटावर नाव आहे आणि सहा महिने पोर भट्टीवर आहे, तर जाताना शिक्षण हमी कार्ड दिलं का, तिथं शाळेत बसलं का. आणि रोजगार हमी. वि. स. पागे यांनी जी कल्पना आधी आपल्या सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात करून बघितली आणि मग राज्याचा आणि देशाचा कायदा झाला, त्या योजनेचं जॉबकार्ड वाडीत किती जणांकडं आहे आणि त्यातल्या किती जणांनी दिवाळीनंतर काम मागितलं, एवढं लिहा. दिवाळीनंतर गावात काम असतं तर किती जोड्या भट्टीवर गेल्या नसत्या, हा प्रश्न पण विचारा, लोक आकडा सांगतात.

हिशेब

समजा वाडीत ४३ कुटुंबं, १९१ माणसं, त्यात ९७ पुरुष आणि ९४ बायका, सहा वर्षांपर्यंतची पोरं ३४, आणि लिहिता-वाचता येणारे ७१. साक्षरता काढताना ७१ ला १९१ नं भागायचं नाही, आधी लहान पोरं वजा करायची, १५७ उरतात, ७१ भागिले १५७ म्हणजे ४५ टक्के. थेट भागलं तर ३७ येईल आणि वाडी उगाच मागं दिसेल. स्त्री-पुरुष प्रमाण ९४ भागिले ९७ गुणिले १०००, म्हणजे ९६९.

पण छोट्या वस्तीत टक्केवारी फार नाचते. ३४ पोरांत १८ मुलगे आणि १६ मुली असतील तर प्रमाण येतं ८८९, आणि उद्या एक मुलगी जन्मली की ९४४. म्हणून मुलींचं प्रमाण घसरलं वगैरे निष्कर्ष ३४ पोरांवरनं काढू नका. छोट्या वाडीला टक्के कमी आणि सरळ मोजकी माणसं जास्त लिहावीत, '४३ पैकी २९ घरांची नमुना ८ ला नोंद नाही' हे वाक्य ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

सगळ्यात बोलका तक्ता असतो तो महिनावार हजेरीचा. आडवे बारा महिने, उभी ४३ घरं, आणि ज्या महिन्यात घर वाडीत होतं तिथं खूण. खाली बेरीज. भाद्रपदात ४३ आणि माघात १७ असं आलं की अंगणवाडीतला पोषण आहार, शाळेतली गैरहजेरी, रेशन, लसीकरण, सगळ्याची कारणं एका कागदावर दिसायला लागतात. असाच तक्ता कामाचा करा, प्रत्येक महिन्यात किती घरं कशावर जगली.

झाल्यावर

सगळं वाडीत बसून वाचून दाखवा, उचलीचं आणि घरगुती सोडून. लोक दुरुस्त्या सांगतात, सुटलेली नावं सांगतात, त्या घ्या. मग ग्रामसभेत मांडा, वाडीच्या चार-पाच माणसांना सोबत घेऊन, बायकांना पुढं बसवून, आणि ठराव लिहून घ्या की वाडीची लोकसंख्या आणि घरं इतकी आहेत. कातकरी ही राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित जमातींपैकी एक, कोलाम आणि माडिया गोंड या बाकीच्या दोन, आणि त्यांच्यासाठी केंद्राची पीएम जनमन योजना १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली, घर, रस्ता, पाणी, वीज, अंगणवाडी असं तिच्यात आहे. वस्तीची यादीच चुकीची असेल तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून तुमची यादी आणि ठराव पंचायत समितीत आणि आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

आणि पुढची जनगणना १ मार्च २०२७ ही तारीख धरून जाहीर झालीय, म्हणजे पुन्हा भट्टीचाच हंगाम, आणि यावेळी जात पण विचारणार आहेत. घराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक जोडीला निघायच्या आधी सांगून ठेवा की जिथं असाल तिथं मोजून घ्या, मुकादमाला सांगू देऊ नका, स्वतः पुढं व्हा, जमातीचं नाव कातकरी असंच सांगा, पोरांची नावं सुटली का ते विचारा. शक्य असेल तर कुठलं घर कुठल्या तालुक्यातल्या भट्टीवर गेलंय त्याची यादी दिवाळीतच करून ठेवा, फोन नंबर वाडीतल्याच कुणा विश्वासाच्या माणसाकडं. तरी वाडीचा सरकारी आकडा कमीच येणार, म्हणून २०२६ च्या पावसाळ्यातली आपली यादी ठरावासकट तयार पाहिजे, तिची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक तुमच्याकडं आणि एक वाडीत ज्याचं घर गळत नाही त्याच्याकडं.